देवरे अण्णांचा नकाशा उघडेना

देवरे अण्णांनी आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. ही अतिशयोक्ती असती तर मला आनंदच झाला असता, कारण त्यांच्या या व्रताचा प्रसाद मीही खाल्ला आहे. एकदा आमच्या कॉलनीतल्या एका मुलाचं लग्न निफाडला होतं. अण्णांनी मला आणि माझ्या बायकोला आपल्या जुन्या मारुतीत घेतलं. चांदोरीच्या पुढे एका फाट्यावर त्यांनी गाडी वळवली आणि मग शेतं, द्राक्षबागा, पुन्हा शेतं असं बराच वेळ चाललं. कुणाला तरी विचारूया का, असं बायको हळूच म्हणाली. अण्णांनी आरशातून तिच्याकडे असं पाहिलं की तिने उरलेला प्रवास पदराच्या काठाकडे बघत केला.

शेवटी एक मांडव दिसला. आम्ही अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो. नवरदेव आपल्या ओळखीचा नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पानात बुंदी पडली होती. मी अण्णांच्या कानाशी लागलो. त्यांनी शांतपणे मठ्ठा संपवला, उठून त्या परक्या नवरदेवाच्या हातात आमचं सगळ्यांचं पाकीट ठेवलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत येऊन बसले. "लगीन चांगलं झालं," ते म्हणाले. "कोनाचं का असंना."

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. गाव देवळ्याकडचं, कांद्याच्या मुलखातलं, आणि सगळी नोकरी नाशिकहून देवळा नाहीतर कळवण गाडी चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी नाशिक रोडला, जेल रोडवरच्या आमच्या कॉलनीत तळमजल्याचं घर घेतलं. मी त्यांच्या डोक्यावर राहतो. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं आणि ते वाक्य कॉलनीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे: "रस्ता इचारतो तो उतारू. डायव्हर इचारत नसतो."

बरं, हे रस्त्यापुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण सवय एकदा लागली की ती घरभर हिंडते. अण्णा दुकानात भाव विचारत नाहीत. वस्तू हातात धरून दुकानदार आपण होऊन बोलेपर्यंत उभे राहतात. एकदा साडूंना बघायला दवाखान्यात गेले आणि खोली न विचारता मजले पालथे घालत थेट बाळंतिणींच्या वॉर्डात पोचले. तिथे कुणीतरी त्यांच्या हातात पेढा ठेवला. तो खाऊन, बाळाच्या हातात दहाची नोट देऊन ते परत आले. साडू दुसऱ्या दिवशी घरी सुटले, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

सांगायला मात्र अण्णांचा हात धरणारा कुणी नाही. संध्याकाळी कॉलनीच्या फाटकाशी कट्ट्यावर बसले की वाट चुकलेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो. त्याने तोंड उघडायच्या आत ते त्याला सगळा मार्ग थांब्यांसकट सांगतात. कुणाला वणीला जायचं असेल तर दिंडोरीला चहा कुठला प्यायचा तेही त्यात आलं. विचारणाऱ्याबद्दल त्यांना तिरस्कार नव्हता, उलट माया होती. फक्त आपण त्या जागी उभं राहायचं नाही एवढंच.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता सगळ्यांच्या खिशात नकाशे असतात, पण मी सांगतोय ते दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. त्या वेळी अण्णांचा भाचा अमेरिकेहून आला आणि जाताना मामाला एक वस्तू देऊन गेला. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, त्याला वायर. जीपीएस रिसीव्हर. सोबत नकाशांची सीडी. वायर कॉम्प्युटरला लावायची, सीडी टाकायची, की आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहोत ते पडद्यावर दिसतं आणि जायचं तिथला रस्ताही यंत्र दाखवतं. कुणालाही न विचारता. अण्णांच्या दृष्टीने विज्ञानाने लावलेला हा पहिला कामाचा शोध.

त्यांनी त्याच आठवड्यात एक जुना कॉम्प्युटर घेतला. मला न विचारता घेतला हे सांगायला नकोच. त्या कॉम्प्युटरची मेमरी इतकी तुटपुंजी होती की त्यावर पत्त्यांचा डाव लावला तरी त्याला धाप लागे. त्यात हे नकाशे. सॉफ्टवेअर उघडायचं, एक हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकायची, खाली इंग्रजीत 'लोडिंग मॅप्स, प्लीज वेट' अशी अक्षरं यायची आणि मग सगळं थिजायचं. माऊस हलेना, पट्टी सरकेना. अण्णा समोर खुर्ची टाकून बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, अण्णा, हे हँग झालंय, आता काही होणार नाही, बंद करा. ते म्हणाले, "प्लीज म्हनतंय ना ते. मंग थांबायला काय जातं."

आणि ते खरोखर थांबायचे. वर्तमानपत्र वाचून व्हायचं, चहा व्हायचा, त्यांच्या पत्नी सिंधूकाकू देवाला दिवा लावून यायच्या, अण्णा पट्टीकडे बघत बसलेले. एसटी पंक्चर झाल्यावर रस्त्याकडेला बसून राहणाऱ्या माणसाचा धीर त्यांच्या अंगात होता. पण त्या बसण्यात आणखी काहीतरी होतं. पट्टी जरा थरथरल्यासारखी वाटली की ते पुढे वाकायचे आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला तिथून नजर काढावीशी वाटे. नकाशा बघायला इतका जीव टाकावा असं नकाशात काय असतं, हे मला कळत नव्हतं.

मग माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. अण्णा मला बोलवायचे नाहीत, कारण बोलावणं म्हणजेही एक प्रकारे विचारणंच. ते जिन्याखाली उभे राहून मोठ्याने खाकरायचे. मी खाली गेलो की काकू चहा ठेवायच्या. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला. रिसीव्हर कुठल्या पोर्टला लागलाय ते तपासलं. मेमरीची एक जादा पट्टी स्वतःच्या दुकानातून आणून बसवली. रिसीव्हरला उघडं आकाश लागतं म्हणताच अण्णा लांब वायर घेऊन गच्चीवर चढले आणि काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध तो डबा हातात धरून उभे राहिले. खाली पडद्यावर उपग्रह मोजायचं काम माझं. मी ओरडून सांगायचो की तीन आले, चार आले. पाचवा सापडेना तेव्हा वरून आवाज आला की घाई करू नको, येईल, मागच्या दाराने चढत असंल.

त्याच दिवशी, अण्णा गच्चीवर आणि मी खाली पडद्यासमोर असताना, काकू चहाचा कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. सिंधूकाकू एरवी कमी बोलतात. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि मला सगळं सांगून टाकलं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा. तिने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा बँकेत, सुरगाण्याकडचा, डोंगरातल्या कोकणा आदिवासी समाजातला. काकूंच्या मते लाखात एक. अण्णांनी त्या दिवसापासून मुलीचं नाव घेतलं नव्हतं. सुनंदा राहायची नाशिकमध्येच, पाथर्डी फाट्याच्या पलीकडे, नव्या सोसायट्या होत होत्या तिकडे; एवढंच अण्णांच्या कानावर होतं. तिला आता दोन वर्षांची मुलगी होती. आजोबांनी नातीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काकू मात्र दर गुरुवारी भजनाला जाते म्हणून बाहेर पडायच्या आणि सिटी बसने लेकीकडे जाऊन यायच्या. भजनाला कुणी जेवणाचा चार पुडांचा डबा नेत नाही, हे अण्णांना समजत नव्हतं असं नाही. ते फक्त गुरुवारी सकाळी कट्ट्यावर जाऊन बसायचे, म्हणजे डबा भरताना दिसू नये.

मी विचारलं, मग त्यांना पत्ता सांगून का टाकत नाही?

"इचारलं तर सांगंन," काकू म्हणाल्या. "चार वर्सं झाली, वाट बघून ऱ्हायले. लेकीनं इचारलं नाय म्हनून रुसलेत. आता लेक कोनाची? इचारायचं ती शिकनार कुठून?"

वरून उपग्रहांची चौकशी झाली. मी पाच म्हणालो. मी मोजलेच नव्हते.

त्या दिवसानंतर मी अण्णांवर चिडायचं सोडून दिलं. रस्ता स्वयंपाकघरात बसलेला, कणीक मळणारा, फक्त एका प्रश्नाच्या अंतरावर. आणि हा गृहस्थ अमेरिकेची वस्तू घेऊन आकाशातून वाट शोधत होता. मला हसू येत होतं, आणि हसवतही नव्हतं. आमच्याकडे नवरा-बायकोत एवढं न बोलता चालतं, की बोलायची वेळ येते तेव्हा शब्दच सापडत नाहीत. यात अण्णा एकटे नव्हते. आमच्या कॉलनीत निम्मी घरं अशीच चालत होती, माझंही धरून.

यंत्राचा रोग मला त्यानंतर सापडला, आणि तोही एका अगदी साध्या गोष्टीने. मी स्वतः काही करायच्या ऐवजी अण्णांच्या खुर्चीमागे उभा राहून ते पहिल्यापासून काय करतात ते बघत बसलो. सॉफ्टवेअर सुरू होताना कुठल्या भागाचे नकाशे हवेत असं विचारतं. समोर राज्यांची, जिल्ह्यांची नावं येतात, हवं त्यावर खूण करायची. मी दर वेळी फक्त महाराष्ट्रावर खूण करून, पुढचं अण्णांवर सोडून, वर जात असे. अण्णांनी सराईतपणे माऊस नेला आणि सगळ्यात वरचं 'सिलेक्ट ऑल' दाबलं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकदम. त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर ते रोज अख्खा भारत देश ठेवत होते आणि तो बिचारा नाशिकपर्यंत पोचायच्या आधीच मान टाकत होता.

मी म्हटलं, अण्णा, अहो एवढं कशाला? जायचं तिथल्यापुरतं घ्या. लगेच उघडेल.

"कुठं जायचं नाय मला," अण्णा म्हणाले. "नुसतं बघायचं हाय. अख्खा पायजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एका जिल्ह्यावर खूण करायची म्हणजे आपल्याला कुठे जायचंय ते सांगायचं. कुणाला? एका टिनपाट यंत्राला. तेही त्यांच्याने होत नव्हतं. त्यांचा बेत असा की अख्खा देश उघडावा आणि मग सहज, फिरत फिरत, आपलं काही काम नसल्यासारखं पाथर्डी फाट्यावर पोचावं.  त्यांनी 'सिलेक्ट ऑल' तसंच ठेवलं, पट्टी निम्म्यावर जाऊन थिजली आणि ते हात जोडून बसल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले.

उन्हाळा लागला. एक दिवस काकू फोनवर बोलत होत्या, आणि एरवी ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही त्यांचं बोलणं मला वरच्या मजल्यावर ऐकू आलं. जावयाची बदली झाली होती. पोरगी लहान, शाळा-बिळा बघायची नव्हती, म्हणून लवकरच निघणार होते. "चंद्रपूर? एवढ्या लांब? मंग आता कधी दिसायची पोरगी?" काकू इतक्या जोरात कधी बोलत नाहीत. ते फोनवरच्या लेकीला ऐकू जावं म्हणून नव्हतं, शेजारच्या खोलीत अण्णा होते.

त्या संध्याकाळी अण्णा माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले. टेबलावरचे स्क्रू-ड्रायव्हर लहानमोठे लावून ठेवले. एक कोरी सीडी विकत घेतली, जिचा त्यांना काही उपयोग नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर छताकडे बघत म्हणाले, "समज, एखाद्याला नासिकचाच नकाशा पायजे असंल." पुढचं वाक्य आलं नाही.

मी म्हटलं, मिळेल की. पाथर्डी फाट्याकडचा का?

अण्णांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिकडला असला तरी चालंल."

मी दुकान तसंच पोराच्या भरवशावर टाकून घरी आलो असं म्हणायला माझ्याकडे पोरगा नव्हता, म्हणून सरळ शटर ओढलं. घरी येऊन माझ्या लॅपटॉपवर त्यांच्या सीडीतलं फक्त नाशिक शहर टाकलं, इतर सगळ्या खुणा काढल्या. पट्टी एका दमात टोकापर्यंत गेली आणि नकाशा उघडला. जेल रोड, विहितगाव, वडनेर, पाथर्डी गाव आणि मग फाटा. मधून जाणारी निळी रेघ. अण्णांनी खिशातून चष्मा काढला. काचेवर बोट ठेवून त्या रेघेवरून इकडून तिकडे आणि तिकडून परत आले. मला वाटलं होतं ते खूश होतील. 

"कळवन यापरीस किती लांब," ते म्हणाले. "रोज जाऊन येत व्हतो."

 चार वर्षं ज्या अंतराला ते डोंगरापलीकडचं समजत होते, ते पडद्यावर वीतभरही नव्हतं.  रविवारी सकाळी जाऊ म्हणालो, मी मागे लॅपटॉप घेऊन बसतो. ते हो म्हणाले नाहीत. पण रविवारी सकाळी जिन्याखाली खाकरण्याचा आवाज आला.

खाली आलो तर काकू पुढच्या सीटवर आधीच बसलेल्या, नव्या लुगड्यात, मांडीवर चार पुडांचा डबा. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गाडीला कालच पाणी मारलेलं दिसत होतं. कुठे चाललोय याबद्दल घरात एक शब्द झाला नसणार, हे मी पैज लावून सांगतो. रिसीव्हर चिकटपट्टीने काचेपाशी बसवला, मी मागे लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो.

सॉफ्टवेअरमध्ये एक बाई इंग्रजीतून बोलत असे. तिने पहिल्याच चौकात डावीकडे वळा म्हणून सांगितलं. अण्णा कुरकुरले की आता ही शिकवणार. काकूंनी बाहेर बघत म्हटलं की तिचं तरी ऐकतात. वडनेरपर्यंत सगळं ठीक चाललं. पाथर्डी गाव गेलं. फाटा ओलांडून पुढे गेलो आणि बाई गप्प झाली. मी पडद्याकडे पाहिलं तर रस्ता संपला होता. पुढे फिकट पिवळा कोरा कागद आणि त्यावर आमच्या गाडीचा छोटा बाण. आमच्या डोळ्यांसमोर मात्र सगळीकडे नव्या इमारती, विटांचे ढीग, कच्चे रस्ते, अर्धवट रंगवलेल्या कमानी. ज्याने नकाशा बनवला तो इथे आला तेव्हा इथे द्राक्षाचा मळा असणार. मी दोन-चार बटणं दाबली. 'लोडिंग मॅप्स, प्लीज वेट' आलं, आणि पट्टी निम्म्यावर थिजली.

अण्णांनी सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली. समोर तीन वाटा फुटत होत्या. कोपऱ्यावर पानाची टपरी होती, टपरीवाला आमच्याकडेच बघत होता. मी दार उघडायला हात घातला.

"तू उतरू नको," अण्णा म्हणाले.

इंजिन बंद झालं. अण्णांचे दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते. काकू डब्यावर हात ठेवून समोर बघत होत्या. मला वाटलं, हा माणूस आता गाडी फिरवणार, आणि मग चंद्रपूरची गाडी निघून जाईल आणि हे पुन्हा कधीच होणार नाही. मनातल्या मनात मी सगळ्या देवांना नवस बोललो.

"कोन्त्या रस्त्यानं?" अण्णांनी विचारलं. समोर बघत, काकूंकडे मान न वळवता.

 काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, मधल्या रस्त्याने घ्या, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे, तिथून सावकाश, पोरं खेळत असतात. अण्णांनी गाडी सुरू केली नाही. 

"दार उघडंल का ती?"

"ते तिलाच इचारा," काकू म्हणाल्या.

गिरणीच्या पुढे दुसरी इमारत, तळमजला. दारात सामानाची बांधलेली खोकी रचून ठेवली होती. मी गाडीतच बसून राहिलो, हे आपलं घर नव्हे. काकू मागे थांबल्या आणि डबा त्यांनी अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी बेल वाजवली. दार उघडलं. एक सडपातळ बाई, केस वर बांधलेले, हातात सुतळीचं बंडल. तिच्या पायाला धरून एक लहान मुलगी उभी. सुनंदा नुसती बघत राहिली. ती बाजूला झाली नाही. अण्णांनी चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. आयुष्यभर सगळ्या घाटांत गाडी घातलेला तो माणूस डबा दोन्ही हातांत धरून दाराबाहेर उभा राहिला, आणि त्याने आपल्या मुलीला विचारलं,

"येऊ का आत?"